जुडग्यांतील दिवा

सूर्यास्ताची वेळ पंचांगांत छापलेली असते. अंधाराची वेळ मात्र कोणत्याहि पंचांगांत सांपडत नाहीं. भर दुपारीं जिन्याखालच्या मीटरच्या कोनाड्यांत तो असतो, माळ्यावरच्या ट्रंकेमागें असतो, आणि रोहित्र बिघडलें कीं क्षणार्धांत साऱ्या आळींत पसरतो. अशा वेळीं घरांत विजेरी नसते असें नाहीं. ती असते, परंतु कपाटांत असते, आणि कपाट अंधारांत असतें! विजेरी सांपडावी म्हणून काड्यापेटी शोधण्याचा प्रसंग ज्यावर आला नाहीं असा गृहस्थ विरळा. या अडचणीवर एक लहानसा उपाय आहे. घराबाहेर पडतांना जी वस्तु आपण सहसा विसरत नाहीं ती म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यांतच बोटाएवढा दिवा अडकवून ठेवावा, एवढाच तो उपाय. हा दिवा कसा पारखून घ्यावा, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

उदाहरणासाठीं कोल्हापूरच्या शेजारचें उचगांव घेऊं. करवीर तालुक्यांतील हें गांव आतां धड खेडें राहिलेलें नाहीं, आणि धड शहरहि झालेलें नाहीं. जवळूनच पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग गेला आहे. १८९१ सालीं सुरू झालेला कोल्हापूर–मिरज लोहमार्गहि येथूनच जातो. शेजारीं गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ, थोड्या अंतरावर गोकुळ शिरगांवची औद्योगिक वसाहत, आणि या सर्वांच्या मधून अजून उभा असलेला ऊस. त्यामुळें येथील रात्र एकसारखी नसते. महामार्गालगत डोळे दिपतील असा लखलखाट, आणि तेथून दोनशे पावलांवर, उसाच्या कडेच्या पायवाटेवर, स्वतःचा हात स्वतःस दिसूं नये असा काळोख. रात्रपाळी संपवून येणारा कामगार, उसाला पाणी पाजावयास निघालेला शेतकरी आणि उद्वाहन बंद पडल्यामुळें तिसऱ्या मजल्यावर जिन्यानें जाणारी गृहिणी, हीं तिघें एकाच गांवांत राहतात. आणि तिघांनाहि हवा असतो तो पायांपुरता उजेड.

पूर्वीं हें काम कंदिलानें केलें. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच-कारखान्यांत तयार होणारा 'प्रभाकर' कंदील ज्यांच्या ओसरीवर टांगलेला असे, त्या पिढीला त्याची वात, त्याची काजळी आणि संध्याकाळीं काच पुसण्याचें काम हीं चांगलींच आठवत असतील. कंदील खिशांत मावत नव्हता, परंतु कोठें टांगला आहे हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असे. हातांत धरावयाच्या नळीच्या आकाराच्या विजेरीचा एकाधिकार अमेरिकेंत डेव्हिड मायसेल या संशोधकास जानेवारी १८९९ मध्यें मिळाला. पुढें सुमारें शंभर वर्षें विजेरी म्हणजे जाड सेल आणि तारेचा बल्ब, हीच व्याख्या होती. आपल्याकडे तिला बॅटरी म्हणण्याचा प्रघात पडला तो त्या सेलांवरूनच. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं तांबडा प्रकाश देणारा एलईडी दाखविला. निळा प्रकाश मात्र तीस वर्षें हुलकावणी देत राहिला; तो साधला तेव्हांच पांढरा एलईडी शक्य झाला. त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. विजेरीच्या तारेच्या बल्बांतून एका वॅटमागें दहाच्या आसपास ल्यूमेन उजेड मिळे. चांगल्या एलईडीपासून शंभर किंवा त्याहून अधिक मिळतो. बोटाएवढ्या विजेरीस आज जें महत्त्व आलें, त्याचें सारें रहस्य या दहापटींत आहे.

येथें कोणी विचारील कीं, हातांत भ्रमणध्वनी असतांना ही वेगळी उपाधि कशाला? प्रश्न रास्त आहे. घरांत पडलेली सुई शोधावयास भ्रमणध्वनीचा दिवा पुरेसा होतो. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं गेला आणि अनेक ठिकाणीं वीजपुरवठा बंद पडला, ते दिवस आठवावे. त्या दिवसांत भ्रमणध्वनींतील विजेचा प्रत्येक थेंब बोलण्यासाठीं राखून ठेवणें हें शहाणपण होतें. जो मदतीला बोलवावयाचा, त्यालाच दिवा धरावयास लावूं नये. शिवाय भर पावसांत, चिखलांत किंवा विहिरीच्या काठावर एवढें महागडें यंत्र उघड्या हातांत धरून चालणें कोणालाहि सुखाचें वाटत नाहीं. दिवा आणि दूत हे निरनिराळे असावे, हें बरें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दुकानांत गेल्यावर विजेरीच्या पेटीवर पहिला डोळ्यांत भरतो तो ल्यूमेनचा आंकडा. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचें माप. हा आंकडा जितका मोठा तितकी वस्तु उत्तम, असा ग्राहकाचा समज असतो आणि विक्रेत्याचा आग्रह असतो. परंतु उजेड हा खर्च आहे, आणि खर्च कळावयाचा तर जमेची बाजू आधीं पाहावी लागते. त्याचें गणित अगदीं सोपें आहे.

ज्याला आपण बारीक पेन्सिल-सेल म्हणतों, तो ट्रिपल-ए मापाचा, पुन्हां भरतां येणारा सेल घ्या. त्याचा दाब १.२ व्होल्ट आणि सांठा ८०० मिलिअँपिअर-तास. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे सुमारें १ वॅट-तास ऊर्जा झाली. एका वॅटमागें १०० ल्यूमेन धरले, तर आपल्या पदरीं एकंदर १०० ल्यूमेन-तासांची पुंजी आहे. ती आपण १०० ल्यूमेनच्या दरानें उधळली तर एका तासांत संपेल. २० ल्यूमेननें वापरली तर पांच तास पुरेल. आणि ५ ल्यूमेनवर काटकसर केली तर वीस तास, म्हणजे रोज दहा मिनिटें वापरली तर चार महिने. हें गणित ढोबळ आहे; प्रत्यक्षांत थोडीफार घट येते. जुडग्याच्या ज्या विजेऱ्यांत सेल आंतच बसवून टाकलेला असतो, त्यांतील अगदीं लहानांचा सांठा याच्या निम्मा असतो. म्हणजे पुंजी ५० ल्यूमेन-तासांची.

हें एवढें गणित ध्यानांत असलें म्हणजे जाहिरातींतील फुगवटा आपोआप उघडा पडतो. समजा, अंगठ्याएवढ्या एका विजेरीवर '१००० ल्यूमेन, १० तास' असें छापलेलें आहे. म्हणजे १०,००० ल्यूमेन-तास. म्हणजे निदान १०० वॅट-तास ऊर्जा. मोठ्या विजेऱ्यांत वापरला जाणारा, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा उत्तम लिथियम सेल सुमारें साडेबारा वॅट-तास ऊर्जा सांठवितो. असे आठ सेल लागतील! ते अंगठ्याएवढ्या नळींत कोठें बसले, हें त्या छापणाऱ्यालाच ठाऊक. कदाचित् दोन्ही आंकडे वेगवेगळे खरे असतील. हजार ल्यूमेन कांहीं क्षण आणि दहा तास मिणमिणता उजेड. परंतु दोन वेगळीं सत्यें शेजारीं शेजारीं छापून त्यांचें एक असत्य करतां येतें.

याला आणखी एक कारण आहे. विजेऱ्यांच्या मापनाची जी अमेरिकन पद्धति २००९ पासून रूढ झाली, तींत विजेरी पेटविल्यानंतर अर्ध्या मिनिटानें उजेड मोजतात, आणि तो उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सर्व काळ 'चालण्याचा वेळ' म्हणून धरतात. म्हणून शंभर ल्यूमेनची विजेरी तीन मिनिटांनीं पंधरा ल्यूमेनवर आली आणि पुढें चार तास तशीच राहिली, तरी पेटीवर '१०० ल्यूमेन, ४ तास' असें छापण्यास नियमाची हरकत नाहीं. उजेड असा उतरविण्यांत कारखानदाराचा नेहमींच कपटभाव असतो असेंहि नाहीं. एलईडींत जाणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन बसतो, आणि बोटाएवढ्या नळीला ती उष्णता बाहेर टाकावयास अंगच पुरत नाहीं. उजेड उतरविला नाहीं तर हात पोळेल. सारांश, लहान विजेरीचा सर्वांत मोठा उजेड हा पाहुण्यासारखा असतो. थोडा वेळ येतो आणि जातो. रोजचा व्यवहार पाहावयाचा तो तिच्या लहान उजेडावरून.

दुसरा आंकडा पल्ल्याचा. पेटीवर '२० मीटर' असें छापलेलें असतें, तें वाचून वीस मीटरांवरची वस्तु लख्ख दिसेल असें आपणांस वाटतें. वस्तुतः ज्या अंतरावर विजेरीचा झोत पाव लक्स इतका, म्हणजे स्थूलमानानें पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, त्या अंतरास पल्ला म्हणण्याचा संकेत आहे. चांदण्यांत समोर भिंत आहे हें समजतें. भिंतीच्या बुडाशीं काय वेटोळें घालून बसलें आहे हें समजत नाहीं. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होत असल्यामुळें यावरून एक उपयोगी नियम काढतां येतो. छापील पल्ल्याचा चौथा भाग घ्यावा. तेथें चांदण्याच्या सोळापट, म्हणजे ४ लक्स उजेड असतो, आणि पाऊल टाकण्यास तो पुरतो. वीस मीटर पल्ल्याची विजेरी म्हणजे पांच मीटरांची खरी सोबत. पायी चालणाऱ्यास एवढी पुष्कळ झाली. उलट पल्ला दुप्पट करावयाचा तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते, आणि तो सारा भार त्याच बारक्या सेलावर पडतो.

मग किती उजेड असावा? घरांतील कुलूप, मीटर, औषधाच्या बाटलीवरील अक्षरें यांसाठीं एक ते पांच ल्यूमेन पुरेत. जिना आणि परिचित वाट यांसाठीं दहा ते वीस. अनोळखी वाटेवर, पावसांत किंवा एखाद्या वाहनचालकाच्या नजरेस पडण्यासाठीं पन्नास ते शंभर. यावरून स्पष्ट होईल कीं, विजेरीस दोन किंवा तीन पायऱ्या असाव्या, आणि त्यांत अगदीं खालची पायरी असलीच पाहिजे. याचें कारण केवळ काटकसर हें नव्हे. आपला डोळा अंधाराला पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें घेतो, आणि तो सराव एका प्रखर झोतानें क्षणांत नाहींसा होतो. महामार्गाच्या दिव्यांतून उसाच्या वाटेस वळणाऱ्यास हा अनुभव रोज येतो. विजेरी विझविल्यावर अंधार आधींपेक्षां दाट वाटावा, हा विजेरीचा दोष होय. मध्यरात्रीं उठून पाण्याचा तांब्या शोधणाऱ्यास शंभर ल्यूमेन दाखविणें म्हणजे त्याला आणि शेजारीं निजलेल्या मुलाला एकदमच जागें करणें! म्हणून बटन दाबतांच आधीं मंद उजेड यावा आणि मग वाढावा, अशी रचना असलेली विजेरी पसंत करावी.

आतां जो विषय ग्रामीण महाराष्ट्रांत जीवन-मरणाचा आहे, त्याकडे येतों. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत केलेला आहे. यांतील बहुसंख्य मृत्यु खेड्यांतले आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार विषारी जातींपैकीं मण्यार रात्रींच हिंडते, आणि घोणसहि बहुधा अंधार पडल्यावर उंदरांच्या मागें बाहेर पडते. उसाच्या शेतांत उंदीर असतात, आणि शेतीपंपांना रात्रीच्या पाळीची वीज मिळण्याचा प्रकार अनेक वर्षें चालत आलेला आहे. दिवसां वीज देण्याच्या सौर योजना अलीकडे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि पाण्याची पाळी चुकवावयाची नाहीं म्हणून बांधावरून रात्रीं चालणारीं पावलें अजून थांबलेलीं नाहींत.

या कामीं विजेरीच्या उजेडाचा रंगहि पारखावा. घोणशीचा तपकिरी रंग आणि त्यावरचे गर्द ठिपके वाळलेल्या पाचटांत इतके मिसळून जातात कीं, निळसर पांढऱ्या उजेडांत दोन्ही सारखींच राखाडी दिसावीं. किंचित् पिवळसर छटेचा, सुमारें ४००० केल्विनचा उजेड, आणि वस्तूंचे रंग खरे दाखविण्याचा अंक नव्वदाच्या वर असलेला एलईडी मिळाला, तर तपकिरी, तांबडा आणि हिरवा हे रंग एकमेकांपासून वेगळे उमटतात. असा एलईडी थोडा कमी ल्यूमेन देतो. तो तोटा खुशाल पत्करावा. विजेरी डोळ्याजवळ न धरतां कमरेखालीं धरावी आणि झोत दोन-तीन पावलें पुढें ठेवावा. खालून तिरपा पडलेला उजेड लहानशा उंचवट्याचीहि लांब सावली पाडतो, आणि जें रंगावरून कळत नाहीं तें सावलीवरून कळतें. जमिनीवर निजणाऱ्यांनीं अंथरूण झटकून त्यावर एकदां उजेड फिरवावा. अर्थात् पायांत बूट आणि हातांत काठी यांची जागा विजेरी घेऊं शकत नाहीं, आणि दंश झालाच तर घटकाभरहि न दवडतां रुग्णालय गांठणें याला दुसरा पर्याय नाहीं.

सेलाच्या बाबतींत तीन मार्ग आहेत. पहिला, आंतच बसविलेला आणि तारेनें भरावयाचा लिथियम सेल. भ्रमणध्वनीच्याच तारेनें भरतां येत असल्यास सोय मोठी. परंतु कांहींशें वेळां भरल्यावर तो क्षीण होतो, आणि बहुतेक विजेऱ्यांत तो बदलतां येत नाहीं. दुसरा, ट्रिपल-ए सेल. विजेरी बोटभर लांब होते, पण असा सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांतहि मिळतो. महापुराच्या दिवसांत हा गुण लहान नव्हे. साधा अल्कलाइन सेल महिनेन् महिने आंत पडून राहिला तर पाझरून विजेरी खातो, म्हणून भरतां येणारा सेल चांगला. त्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मिळतो. तो मात्र विजेरींत चालतो असें स्पष्ट लिहिलेलें असल्याखेरीज घालूं नये.

तिसरा मार्ग नाण्याच्या आकाराच्या सेलाचा. ही विजेरी सर्वांत हलकी आणि स्वस्त. परंतु ज्या घरांत लहान मूल आहे त्या घरानें ती शक्यतों घेऊं नये. हा सेल मुलानें गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंत तेथील पडदा गंभीर रीतीनें भाजूं शकतो. बाहेरून कांहीं दिसत नाहीं, मूल कदाचित् रडतहि नाहीं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. अशी विजेरी घरांत असेलच, तर तिचें झांकण स्क्रूनें बंद होणारें असावें आणि जुडगा मुलाला खेळावयास देऊं नये.

आतां किरकोळ, पण कामाच्या गोष्टी. जुडगा खिशांत सतत घासला जातो. म्हणून बटन सहज दाबलें जाणारें नसावें, किंवा त्यास कुलुपासारखी अडकवण असावी. नाहीं तर विजेरी खिशाला उजेड दाखवून रिकामी होईल. डोकें पिळून लागणारी विजेरी या बाबतींत भरंवशाची, पण तिला बहुधा दोन्ही हात लागतात. एका हातांत पिशवी असणाऱ्यानें बटनाचीच घ्यावी. कडी धातूची असावी, आणि ती विजेरीच्या अंगाशीं कोठें जोडलेली आहे तें पाहावें. प्लॅस्टिकचा कान वर्षभरांत तुटतो. पाण्यापासून रक्षणासाठीं आयपीएक्स हीं अक्षरें पाहावीं. त्यांपुढें ४ हा अंक असल्यास पावसाचे शिंतोडे सोसतात. ७ असल्यास एक मीटर पाण्यांत अर्धा तास पडली तरी बिघडूं नये. लुकलुकणाऱ्या झोताचे चार-पांच प्रकार ज्यांत आहेत आणि मंद उजेड ज्यांत नाहीं, ती विजेरी खेळणें होय.

खरेदी करतांना दुकानांतील उजेडांत विजेरी पारखूं नये. तेथें सगळ्याच सारख्या वाटतात. काउंटरखालीं किंवा मागच्या खोलींत नेऊन तळहातावर झोत पाडावा. तळवा मृतवत् निळसर न दिसतां माणसाच्या हातासारखा दिसला, तर रंग चांगला. मग डोळे मिटून जुडग्यांतून केवळ स्पर्शानें विजेरी शोधावी आणि लावावी. हें एका हातानें साधत नसेल, तर बाकीचे सर्व गुण अंधारांत निरुपयोगी आहेत. घरीं आल्यावर घड्याळ लावून एकदां ती मंद उजेडावर चालवून पाहावी, म्हणजे आपल्या पदरची खरी पुंजी कळते. पुढें दर अमावास्येस सेल भरून घेण्याचा नेम ठेवावा. तिथि लक्षांत ठेवण्याची वहिवाट आपल्या घरांत आहेच. तिला हें एक काम जोडून द्यावें.

तेव्हां, श्रोतेहो, पेटीवरचा मोठा आंकडा बाजूस ठेवून तीन प्रश्न विचारावे. हिचा सर्वांत लहान उजेड किती, आणि तो किती तास टिकतो? हिचा सेल मला माझ्या गांवांत मिळेल किंवा भरतां येईल काय? आणि ही मी विसरणार नाहीं अशा ठिकाणीं राहील काय? तिन्ही उत्तरें समाधानकारक आलीं तर विजेरी घ्यावी, मग ती दहा ल्यूमेनचीच कां असेना. कपाटांतली मोठी विजेरी टाकून द्या असें मी म्हणत नाहीं. रानांत लांबवर पाहावयास तीच हवी. परंतु तिच्यापर्यंत पोचण्याची वाट दाखविण्यास जुडग्यांतला हा दिवा लागतो. घरांत जितके जुडगे असतील, तितक्यांना एकेक अडकवून द्यावा, आणि शाळेच्या शिकवणीहून संध्याकाळीं परतणाऱ्या मुलीच्या जुडग्यापासून आरंभ करावा.